वंशावळीचं काम व्यवसाय म्हणून (ठाणे–नवी मुंबई) : पहिली कामं कशी घ्यावीत, कुठून सुरुवात करावी?

ऐरोली_सेक्टर_आठ

नमस्कार मंडळी. पुराभिलेख संचालनालयाची मोडी परीक्षा झाली आहे, महसुली कागद वाचता येतात. आता वंशावळ शोधून देण्याचं काम पूर्णवेळ करायचं ठरवलं आहे. तीन चौकश्या आल्या आहेत, तिन्ही वेगळ्या.

पहिली दिवाळे गावच्या कुटुंबाची. जमीन सत्तरच्या दशकात संपादनात गेली, साडेबारा टक्क्यांच्या (संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या विकसित भूखंडाच्या) हक्कासाठी पणजोबांपासूनचे सगळे वारस हवे आहेत. दुसरी घोडबंदर रोडच्या कुटुंबाची, मूळ पेण तालुक्यातलं. त्यांना घराण्याचं पुस्तक करायचं आहे. तिसरी कळव्याची, मुलीच्या जातपडताळणीसाठी १९६७च्या आधीची नोंद आणि वंशावळ हवी.

विचारायचं हे की तिघांनाही एकच पद्धत लावायची का? कुठला कागद आधी काढायचा? मोबदला कसा सांगायचा? आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या हातात नक्की काय द्यायचं, नुसता तक्ता की आणखी काही? सविस्तर सांगितलंत तर उपकार होतील.

---

कोर्टनाका_वाचक

ताई, तिन्ही कामांना पद्धत एकच, पण शेवट वेगळा. पद्धत एकच यासाठी की आपण माणसं शोधत नाही, दोन माणसांमधला दुवा शोधतो. धर्मा नावाचा माणूस १९३० साली गावात होता हे दाखवणं सोपं आहे. तो धर्मा म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाचेच पणजोबा, हे सिद्ध करणं म्हणजे आपलं काम. तक्त्यावरची प्रत्येक रेघ कुठल्या कागदावर उभी आहे हे सांगता आलं पाहिजे. ज्या रेघेला कागद नाही ती तुटक काढायची आणि खाली तसं लिहायचं.

पहिल्या बैठकीला दीड तास ठेवा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर बाईंना बसवून घ्या. आत्या आणि चुलत आज्या यांच्याकडे जेवढी नाती असतात तेवढी सातबाऱ्यावर नसतात. नावं विचारताना तीन गोष्टी सोडू नका. घरात हाक मारायचं नाव, बाईचं माहेरचं नाव आणि गाव, आणि 'सख्खे की चुलत' हा प्रश्न. आपल्याकडे चुलत भावाला सरसकट भाऊच म्हणतात, त्यामुळे 'आजोबांना पाच भाऊ' यात दोन चुलत निघतात. एकाच बाईंना दोन वेगळ्या दिवशी तेच प्रश्न विचारले तर कुठं आठवण पक्की आहे आणि कुठं ऐकीव आहे ते लगेच कळतं.

मग मागे जायचं, एकेक पिढी, उडी न मारता. हयात माणसापासून सुरू करून प्रत्येक दुव्याला शक्यतो दोन स्वतंत्र कागद. स्वतंत्र म्हणजे एकावरून दुसरा न केलेला. शाळा सोडल्याचा दाखला आणि त्यावरून काढलेला जातीचा दाखला हे दोन कागद नाहीत, एकच आहे. शाळेचं जनरल रजिस्टर आणि वारसाचा फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची महसुली नोंद), हे दोन.

आता शेवट. दिवाळ्याच्या कामात एकही वारस सुटता कामा नये, त्यामुळे तिथे झाड आडवं वाढतं, प्रत्येक मुलीची शाखासुद्धा आजपर्यंत आणायची. जातपडताळणीत झाड उभं आणि अरुंद असतं. अर्जदार, वडील, आजोबा, पणजोबा, आणि ज्याची नोंद जोडायची तो नातेवाईक. तोही वडिलांच्या बाजूचाच. पुस्तकाच्या कामात दोन्ही. म्हणून मोबदला सांगण्याआधी गिऱ्हाइकाकडून एक वाक्य लिहून घ्या की मला नेमकं काय सिद्ध झालेलं हवं आहे.

जातपडताळणीच्या मानीव तारखा, म्हणजे ज्यांच्या आधीचा पुरावा लागतो त्या, पाठ ठेवा. अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमाती २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्ग १३ ऑक्टोबर १९६७. कळव्याचं काम इतर मागास वर्गाचं दिसतंय, म्हणजे १९६७च्या आधीची एक नोंद आणि तिच्यापर्यंत न तुटलेली साखळी. वंशावळ नमुना ३च्या शपथपत्रावर जाते आणि ते शपथपत्र अर्जदाराच्या बाजूनं करायचं असतं, आपण नाही. आपण फक्त त्याखालचे कागद जुळवून देतो. ही सीमा पहिल्याच दिवशी सांगून टाका.

आणि एक गोष्ट फार मनापासून सांगतो. नोंदीत 'कोळी' असेल तर अहवालात 'कोळी'च लिहायचं. 'महादेव कोळी' किंवा 'सोनकोळी' नाही. नोंदीत नसलेला एक शब्द घातला की पडताळणी समितीच्या दक्षता पथकाच्या चौकशीत मुलीचं अख्खं प्रकरण अडकतं, आणि तोवर प्रवेशाची मुदत निघून गेलेली असते.

---

बेलापूरपट्टी

दिवाळ्याच्या कामाबद्दल लिहितो, कारण नवी मुंबईच्या मूळ गावांत कागदांची वाट बाकी ठाण्यापेक्षा वेगळी आहे.

आधी हद्दी. दिवाळे, शहाबाज, करावे, दारावे, शिरवणे, सानपाडा, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ही बेलापूर पट्टीतली गावं ठाणे तालुक्यातली, जुने महसुली कागद ठाण्यात. उलवे, गव्हाण, कामोठे या बाजूची गावं पनवेल-उरणची. त्यांच्या कागदांवर जिल्हा 'कुलाबा' लिहिलेला असतो, 'रायगड' हे नाव १९८१पासूनचं. त्याहूनही मागे गेलात तर पनवेल १८८३पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. उलट वसई, डहाणूचे जुने कागद 'ठाणे जिल्हा' म्हणूनच सापडतात, कारण पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ला. गिऱ्हाईक आजचा जिल्हा सांगतं, कागद त्या काळच्या जिल्ह्यात असतो. निम्मी धावपळ इथंच वाया जाते.

सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली १९७०ला, महानगरपालिका १९९२ला. म्हणजे १९९२च्या आधीचे जन्म-मृत्यू ग्रामपंचायतीच्या वहीत. पालिकेकडे अर्ज करताना नुसतं 'नोंद द्या' म्हणू नका. अमुक ग्रामपंचायतीची, अमुक वर्षाची जुनी नोंदवही, असं लिहा, नाहीतर संगणकात बघून 'नोंद आढळत नाही'चा दाखला हातात येतो.

संपादित जमिनीचा आजचा सातबारा तुमच्या उपयोगाचा नाही, त्यावर शासन किंवा सिडको असते. तुम्हाला हवा संपादनाचा निवाडा, त्यातली खातेदारांची यादी आणि त्यावेळचा हस्तलिखित सातबारा. त्या सातबाऱ्यावर गोल काढलेले आकडे म्हणजे फेरफार क्रमांक. एकेक गोल धरून फेरफार नोंदवहीत जायचं, तिथून आधीच्या गोलाकडे. ठाणे-पालघरचे बरेच जुने अभिलेख स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर आहेत, तिथं घरबसल्या आधी चाळून घ्या आणि मग नक्कल अर्ज करा. हक्कनोंदणीचा कायदा १९०३चा, त्यामुळे ही साखळी सहसा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थांबते. त्याच्या मागे मोजणीचे आणि आकाराचे मोडी कागद लागतात.

वारसाचा फेरफार कसा वाचायचा, यासाठी नमुन्यादाखल एक रचलेली नोंद देतो:

'खातेदार धर्मा बिन जान्या हा ता. १२/६/१९३८ रोजी मयत. वारस १) बाळ्या धर्मा २) पोशा धर्मा वय ७ अज्ञान पा.क. भाऊ बाळ्या. बायको राधी व मुलगी चांगू लग्न होऊन नांदते, इतर हक्कांत.'

यातून पक्कं काय निघतं? धर्माचा बाप जान्या, 'बिन' म्हणजे मुलगा. नोंद त्याच वर्षाची धरली तर पोशा १९३१च्या आसपासचा. पालनकर्ता म्हणून भावाचं नाव आहे, म्हणजे बाळ्या तेव्हा सज्ञान, साधारण १९२०च्या आतला. मुलगी चांगू आहे, तिची शाखा आहे. आणि काय निघत नाही? राधी ही बाळ्याची आई आहे, हे निघत नाही. दोन भावांत अकरा वर्षं किंवा जास्त अंतर आहे आणि आई असताना पालनकर्ता भाऊ नेमला आहे. बाळ्या पहिल्या बायकोचा असू शकतो. म्हणून तक्त्यात राधीपासून पोशाकडे किंवा बाळ्याकडे रेघ काढू नका, धर्माकडूनच काढा, जोपर्यंत दुसरा कागद मिळत नाही.

'इतर हक्कांत' हे दोन शब्द तर सोन्याचे. जुन्या वारस नोंदींत मुलगे कब्जेदार सदरी (मालकांच्या रकान्यात) आणि बायको-मुली इतर हक्कांत टाकलेल्या असतात. नुसतं कब्जेदार सदर बघणाऱ्याच्या तक्त्यातून सगळ्या मुली गळतात. वारसाच्या दाव्यात मग पन्नास वर्षांनी चांगूची नातवंडं उभी राहतात, आणि त्यांचं म्हणणं खरं असतं.

तारखेचंही बघा. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. माणूस गेल्यावर पाच-दहा वर्षांनी वारस लागल्याच्या नोंदी सर्रास आहेत. शेवटच्या रकान्यातला शेरा वाचल्याशिवाय नोंद वापरू नका, रद्द झालेली नोंदही वहीत तशीच असते. तलाठ्यांकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) वारसांची वेगळी नोंदवही असते, गाव नमुना ६क, तीही मागा. काही वेळा फेरफारात गाळलेलं नाव तिथं असतं. आणि १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनानंतर कुळाच्या नावावर झालेल्या जमिनी असतील तर कूळकायद्याच्या चौकशीचे कागदही बघा. त्यांत कुळाचे जबाब असतात, जबाबात बापाचं नाव, वय आणि कधीपासून कसतो ते येतं.

आडनावांचा घोळ शेवटी. आमच्या आगरी-कोळी गावांत पाटील, म्हात्रे, भोईर, ठाकूर, घरत, नाईक एवढ्यांतच अर्धं गाव बसतं, आणि जुन्या नोंदींत तेही नसतं, नुसतं 'धर्मा जान्या आगरी'. एका गावात त्याच काळात दोन धर्मा जान्या निघणं अजिबात नवल नाही, कारण नातवाला आजोबाचं नाव द्यायची पद्धत. मग माणूस ओळखायचा तो जमिनीवरून. सर्व्हे नंबर आणि हिस्सा हाच त्याचा खरा पत्ता. ज्या धर्माच्या मुलांना तोच हिस्सा वारसानं लागला तो आपला धर्मा. म्हणून प्रत्येक माणसाच्या नोंदीपुढे हिस्सा नंबर लिहायची सवय लावून घ्या.

---

रुमालदप्तर

वरचे दोन्ही प्रतिसाद पक्के आहेत. मी कोतवाल बुक आणि तारखांपुरतं जोडतो.

गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ते गावच्या जन्ममृत्यूंचं रजिस्टर. जन्ममृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९चा आणि अंमल १९७०पासून, त्याच्या आधीच्या ग्रामीण नोंदींसाठी हेच. पडताळणीत याचं वजन मोठं, कारण जातीचा रकाना असतो आणि नोंद त्या त्या वेळी झालेली असते. पण जन्माच्या नोंदीत बहुतेकदा मुलाचं नाव नसतं! बापाचं नाव, जात, 'मुलगा' किंवा 'मुलगी', तारीख, एवढंच. मग 'हा मुलगा म्हणजेच आमचे आजोबा' हे कशावरून? त्यासाठी त्या बापाच्या सगळ्या मुलांच्या जन्मनोंदी काढायच्या, त्याच्या मुलांच्या मृत्यूच्या नोंदी काढायच्या, जी लहानपणी गेली ती वजा करायची, आणि उरलेली मुलं फेरफारातल्या वारसांशी क्रमानं जुळवायची. चार जन्म, एक मृत्यू, तीन वारस. असा हिशेब बसला की दुवा पक्का. नुसती एक नोंद उचलली तर ती आजोबांच्या दोन वर्षांनी गेलेल्या भावाची निघू शकते.

म्हणून एकाच वर्षाचं पान मागू नका. अंदाजित वर्षाच्या मागे पाच आणि पुढे पाच अशी अकरा वर्षं बघायची. शाळेतल्या जन्मतारखेवर तर अजिबात विसंबू नका. १ जून ही तारीख दिसली की समजायचं गुरुजींनी प्रवेशाच्या वेळी अंदाजानं घातलेली आहे. वर्षही एक-दोन इकडंतिकडं असतं. शाळेच्या रजिस्टरचा खरा उपयोग जात, आधीची शाळा आणि पालकाचं नाव यांच्यासाठी.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, शब्दांमध्ये जागा नसते, अनुस्वार बऱ्याचदा गाळलेला असतो. परीक्षेतला मजकूर वाचणं आणि कोतवालाच्या हातचं नाव वाचणं यांत फरक आहे. नाव अडलं तर त्याच पानावर त्याच लेखनिकानं तेच अक्षर ओळखीच्या शब्दात कसं काढलंय ते बघा. महिन्यांची आणि जातींची नावं पानभर असतात, त्यांवरून त्या हाताची बाराखडी करून ठेवायची. तरी अडलं तर कंसात प्रश्नचिन्ह घालून दोन्ही वाचनं द्या. समितीपुढे जाणारं लिप्यंतर कोणाच्या सही-शिक्क्याचं चालतं ते आधी विचारून घ्या. स्वतः वाचता आलं तरी ते पुरेलच असं नाही.

नात्याचे शब्द: बिन आणि वल्द म्हणजे मुलगा. कोम, मर्द, जोजे, भ्रतार यांतला कुठलाही शब्द आला की नवऱ्याचं नाव. 'राधी कोम धर्मा' म्हणजे धर्माची बायको राधी. इथं चुकून धर्माला बाप केलेली झाडं छापील पुस्तकांतसुद्धा असतात. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. हा शेरा दिसला की खातेदार एक आणि मागे भाऊ अनेक, त्या भावांची नावं शोधायचीच.

सनांचा हिशेब. शकात ७८ मिळवा, पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७९. फसलीत ५९०, आणि वर्ष मृगापासून, म्हणजे फसली १३४५ हे जून १९३५ ते जून १९३६. पेशवाईच्या कागदांत शुहूर सन अरबी शब्दांत येतो. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१, तेही मृगापासून, म्हणून १७७१-७२. आकड्याआधी 'छ' असेल तर ती मुसलमानी महिन्याची चंद्रतारीख.

ठाण्यासाठी लक्षात ठेवण्याजोगं: साष्टी आणि ठाण्याचा किल्ला १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांकडे गेला, बेलापूर १८१७पर्यंत मराठ्यांकडे होतं. त्यामुळे खाडीच्या एका बाजूच्या घराण्याचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि समोरच्या बाजूच्या घराण्याचे मुंबईच्या पुराभिलेखागारात, असं होऊ शकतं. अंतर एका तरीचं.

---

ऐरोली_सेक्टर_आठ

तिघांचे मनापासून आभार. राधीचं उदाहरण वाचून मी जुना एक तक्ता उघडला आणि दोन रेघा तुटक केल्या.

दोन शंका. पेणच्या कुटुंबाकडे जमीन कधीच नव्हती, पिढीजात कारागिरी. सातबारा नाही तर साखळी कशावर बांधायची? आणि मोबदल्याबद्दल कोणीतरी स्पष्ट सांगा ना. गिऱ्हाईक विचारतं, 'नोंद सापडली तर किती घेणार?'

---

गावठाण_ते_गॅझेटियर

'सापडली तर' या बोलीवर काम घेऊच नका. निकालावर पैसे ठरले की नोंद 'सापडवायचा' मोह होतो, आपल्यालाही आणि गिऱ्हाइकालाही. वेगळ्या शाईनं घातलेली जात आणि खाडाखोड केलेला बाप हे प्रकार तिथूनच येतात. आपण शोध विकतो. 'अमुक वह्या, अमुक वर्षं पाहिली, नोंद नाही' हेसुद्धा पूर्ण झालेलं काम आहे आणि त्याचा पूर्ण मोबदला घ्यायचा.

टप्पे करा. समजा दिवसाचा दर तुम्ही ३,००० ठरवलात. पहिला टप्पा चार दिवसांचा: एक दिवस बैठक आणि घरचे कागद, दोन दिवस शोध, एक दिवस लेखी टिपण. १२,००० झाले, निम्मे आगाऊ. नक्कल फी, प्रवास, लिप्यंतर वेगळं, पावतीनिशी, आणि त्याला वरची मर्यादा लिहून ठेवायची. टिपणात काय मिळालं, काय मिळालं नाही, पुढे कुठं शोधता येईल आणि त्याला किती दिवस लागतील हे द्या. पुढचा टप्पा घ्यायचा की नाही हे गिऱ्हाइकानं ठरवावं. नकलांना लागणारा वेळ आपल्या हातात नसतो, म्हणून करारात 'कामाचे दिवस' लिहा, 'अमुक तारखेपर्यंत' लिहू नका. कळव्याच्या कामात तर हे पहिल्या भेटीतच सांगा, प्रवेशाची तारीख त्यांच्या डोक्यात असते.

आपल्याकडे या व्यवसायाला परवाना नाही. पण व्यवसाय कराची नोंदणी लागते, वर्षाला २,५०० रुपये, आणि सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली तर जीएसटी. करारात दोन वाक्यं जरूर घाला. हयात माणसांची माहिती त्यांच्या संमतीशिवाय कुणाला देणार नाही. आणि कोणाला किती हिस्सा मिळतो हे मी सांगणार नाही, ते वकिलाचं काम. दिवाळ्याच्या कुटुंबाला वारस दाखला न्यायालयातून काढावा लागेल, तुमचा तक्ता आणि नकला त्यांच्या वकिलाच्या हाती जातील अशा बेतानं लावा.

कागद ओळखीतून मिळालेल्या मोबाइल फोटोवर संपवू नका. फोटो शोधापुरता, पुरावा म्हणून अर्ज करून काढलेली खरी नक्कलच. नक्कल नाकारली किंवा उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकार, १० रुपये अर्जाला, २ रुपये पानाला, ३० दिवस. अर्जात गाव, नमुना क्रमांक आणि वर्षं नेमकी लिहा. 'आमच्या घराण्याची सर्व माहिती' असा अर्ज परत येतो.

जिथं वही प्रत्यक्ष पाहायला आणि फोटो काढायला परवानगी मिळते तिथं प्रत्येक नोंदीचे तीन फोटो: वहीचं बांधणीवरचं नाव, पूर्ण पान, मग नुसती नोंद. फाईलचं नाव तिथल्या तिथं द्या, गाव-नमुना-वर्ष-पान. जुनं पान घडीवर तुटतं, बोट ओलं करून उलटायचं नाही, दोन्ही हातांनी खालून आधार द्यायचा. पानाचा तुकडा पडला तर तो तिथंच ठेवून अभिलेखपालांना दाखवायचा. ही वही तुमच्यानंतर अजून शंभर कुटुंबांना लागणार आहे.

---

श्राद्धतिथी

पेणच्या जमीन नसलेल्या कुटुंबासाठी. जमीन नसली तरी घर होतं. गावठाणातली घरपट्टी, म्हणजे ग्रामपंचायतीचं आकारणी रजिस्टर, आणि नगरभूमापन झालं असेल तर मिळकत पत्रिका आणि तिच्या मागची चौकशी नोंदवही. चौकशीत घर कोणाचं, कोणाकडून आलं हे लिहिलेलं असतं. पेण तालुका कुलाब्यातला, सरकारी गॅझेटियरचा कुलाबा खंड १८८३चा, ठाण्याचा १८८२चा. त्यांत माणसांची नावं मिळणार नाहीत, पण कुठली जमात कुठं राहायची, काय करायची ते मिळतं, पुस्तकाला लागेल. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं, छापील कुलवृत्तांतांसाठी आधी तिथं विचारा. कुलवृत्तांत हा धागा म्हणून घ्यायचा, पुरावा म्हणून नाही. त्यातही बहुतेक मजकूर कुटुंबांनी पत्रानं कळवलेला असतो.

दुसरी जागा नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्या. जाताना आडनाव, जात, मूळ गाव आणि निदान आजोबा-पणजोबांचं नाव पाहिजे, आजचा ठाण्याचा पत्ता तिथं उपयोगी नाही. गावावरून किंवा आडनावावरून उपाध्याय ठरलेले असतात. वही त्यांची खासगी मालमत्ता आहे, उतरवून घ्यायला परवानगी मागा, दक्षिणा द्या. त्या नोंदीची किंमत अशी की आलेल्या यजमानानं स्वतः सांगून, बऱ्याचदा स्वतःच्या हातानं आणि सहीनं, भाऊ, मुलगे, चुलते लिहिलेले असतात. सिंहस्थाच्या वर्षांची पानं आधी बघा, १९८०, १९९१, २००३, तेव्हा गावंच्या गावं गेलेली असतात.

तिसरं म्हणजे घरातलं श्राद्ध. पणजोबांचं वर्ष कुणाला आठवत नाही, पण तिथी घराला आठवते, कारण दरवर्षी पान वाढायचं असतं. 'आषाढ शुद्ध दशमी, वार सोमवार' एवढं मिळालं तर दहा-पंधरा वर्षांच्या पट्ट्यात त्या तिथीला सोमवार पडलेली वर्षं दोन-तीनच निघतात. जुन्या पंचांगावरून ती काढा आणि कोतवाल बुकात फक्त तेवढी वर्षं आधी बघा. एक दिवसाचा फरक पडला तर घाबरू नका. तिथी इंग्रजी तारखेसारखी मध्यरात्री बदलत नाही, नोंद इंग्रजी तारखेची, रात्री गेलेल्या माणसाचं मागेपुढे होतं. मात्र वर्षश्राद्धाची तिथी विचारा, पितृपंधरवड्यातली नव्हे. सवाष्ण गेलेल्या बाईचं अविधवा नवमीला करतात आणि तिथी माहीत नसलेल्यांचं सर्वपित्रीला, त्यावरून मृत्यूची तिथी काढली की चूक ठरलेली.

कुलदैवत, देवक यांवरून दुवा जोडू नका. एकवीरा आगरी-कोळ्यांच्या कितीतरी घराण्यांची आहे, त्यानं मूळ गावाचा अंदाज येतो, नातं सिद्ध होत नाही.

---

ऐरोली_सेक्टर_आठ

शेवटची एक. दोन कागदांत विरोध असेल तर अहवालात कसं मांडायचं? कळव्याच्या कामात आजोबांचं नाव शाळेत 'हिराजी' आणि फेरफारात 'हिऱ्या' आहे, आणि वयात चार वर्षांचा फरक.

---

कोर्टनाका_वाचक

दोन्ही जसेच्या तसे द्यायचे, एक लपवायचा नाही. समितीकडे दुसरा कागद कुठून तरी येतोच, आणि आपण तो आधीच समोर ठेवलेला असला की चौकशीला उत्तर तयार असतं. परिच्छेद असा लिहा:

'शाळेच्या जनरल रजिस्टरात हिराजी, बापाचे नाव गणू, जन्म १ जून १९३२. फेरफारात हिऱ्या गणू, १९४१ साली वय १३, म्हणजे जन्म सुमारे १९२८. कोतवाल बुकाची १९२३ ते १९३७ ही वर्षे पाहिली. गणू या बापाच्या नावे मुलगा जन्मल्याची एकच नोंद मिळाली, १९२८ची. त्या गावात त्या काळात गणू नावाचा दुसरा खातेदार आढळला नाही. म्हणून हिराजी व हिऱ्या एकच व्यक्ती असल्याचा निष्कर्ष. शाळेतील तारीख अंदाजाने घातलेली दिसते.'

आकडे तुमच्या कागदांप्रमाणे बदला. 'गणू नावाचा दुसरा खातेदार आढळला नाही' हे वाक्य मात्र खातेदारांची पूर्ण यादी, म्हणजे त्या वर्षांचा ८अ, पानापानानं तपासल्याशिवाय लिहू नका. दुसरा गणू निघाला तर त्याचीही मुलं काढा, आणि हिराजी त्याचा नाही हे दाखवा. काम दोन दिवसांनी वाढेल, ते पुढच्या टप्प्यात धरा.

हातात द्यायचं ते असं: एका पानावर तक्ता, प्रत्येक दुव्यावर क्रमांक, त्या क्रमांकानं कागदाचं वर्णन (कार्यालय, गाव, नमुना, वर्ष, पान, नकलेची तारीख), असे परिच्छेद जिथं विरोध आहे तिथं, पाहूनही न मिळालेल्या वह्यांची यादी, आणि नकलांचा संच. संगणकावर झाड ग्रॅम्प्स या वंशावळीच्या प्रणालीत ठेवा, फुकट आहे आणि देवनागरी नीट घेतं. गेडकॉम (वंशावळीच्या प्रणालींत सर्वत्र चालणारी) फाईल काढून दिलीत तर पुढे कुटुंबाला दुसऱ्या कुठल्याही प्रणालीत नेता येते. नाव देवनागरीत जसं कागदावर आहे तसंच भरा, हिऱ्याचा हिराजी करू नका. दुसरं रूप पर्यायी नाव म्हणून त्याच माणसाखाली टाका.